पौषातली लेन्स : निकॉन २००-५०० आणि जायकवाडीची बदकं

निकाल आधी सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढं वाचायचं की नाही ते ठरवावं. पाण्यावरच्या रानबदकांचे फोटो काढायचेत आणि निकॉनची डीएसएलआर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) बॉडी घरात आहे, तर २००-५०० मिमी एफ ५.६ ही झूम लेन्स डोळे झाकून घ्या (एफ म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राचा आकडा, आकडा लहान तितकं छिद्र मोठं). झाडीतले पक्षी, अंगावरून सुर्रकन जाणाऱ्या पाकोळ्या, किंवा "लग्नातही कामाला येईल की" असा विचार असेल तर घेऊ नका. आता हे असं का, ते लांबण आहे.

मी अंबडला लग्नाचे फोटो काढतो. तुळशीचं लग्न लागलं की आमची धावपळ सुरू होते ती पौष लागेपर्यंत. पौषात आमच्याकडं लग्न धरत नाहीत. मंडपवाला, घोडेवाला, आचारी आणि फोटोग्राफर, सगळे महिनाभर मोकळे. नेमका हाच महिना बदकांचा ऐन रंगाचा. त्यामुळं हा नाद मला परवडतो. पाचोडमार्गे गाडी काढली की उजाडायच्या आत पैठणच्या वरच्या अंगाला जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या काठावर पोचता येतं.

लेन्स सेकंड हँड घेतली, साठ हजारांच्या आत. विकणाऱ्याला मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर, जायचं होतं. सध्या असे बरेच जण आहेत, त्यामुळं बाजारात माल चांगला आहे आणि भाव करायला वाव आहे. घेताना पुढची काच उजेडाकडं धरून बघा, आतली बुरशी कोपऱ्यात लपलेली असते. झूमची नळी पूर्ण बाहेर काढून हलवून बघा. ५०० वर, एफ ५.६ वर, दूरच्या एखाद्या पाटीचे पाच-सात फोटो काढून जागेवरच मोठे करून बघा. आणि बॉडी कोणती आहे ते आधी सांगा. या लेन्सचं छिद्र विजेवर चालतं, यांत्रिक दांडीवर नाही, म्हणून डी ९० सारख्या जुन्या बॉडीवर ते बंदच होत नाही, कायम पूर्ण उघडं राहतं. डी ५००, डी ७५००, डी ७५० यांच्यावर काही अडचण नाही. मिररलेस झेड बॉडीवर एफटीझेड ॲडाप्टर लावून चालते.

कागदावरची माहिती थोडक्यात. २०१५ ची लेन्स. २०० पासून ५०० पर्यंत कुठंही एफ ५.६ च राहतं, झूम केलं म्हणून उजेड कमी होत नाही. वजन पायासकट (ट्रायपॉडला जोडायचा आधार) २.३ किलो. पुढचा फिल्टर ९५ मिमीचा. सगळ्यात जवळचा फोकस २.२ मीटर, त्यामुळं काठावर बसलेला चतुरही मस्त येतो. व्हीआर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, आहे, त्यात एक साधा आणि एक 'स्पोर्ट' असे दोन प्रकार. माझी लग्नातली ७०-२०० दीड किलोची, तिच्या सवयीनं ही हातात घेतली की पहिल्यांदा मनगट तक्रार करतं. डी ५०० जोडली की सव्वातीन किलोच्या घरात जातं. हातात धरून दिवसभर उभं राहणं हे माझ्यासारख्या मध्यम हाडाच्या माणसाचं काम नाही. पण बदकासाठी हातात धरायचीच नाही, हे पुढं येईलच.

आता मुद्द्याचं. काठावर भेटणारा प्रत्येक हौशी एकच विचारतो, "किती लांबचं येतं?" मी त्याला हिशोब सांगतो. डी ५०० च्या सेन्सरची रुंदी साडेतेवीस मिमी. ५०० मिमीच्या लेन्सनं ४० मीटरवर बघितलं की चौकटीत मावतो १.९ मीटरचा पट्टा. हळदी-कुंकू बदक साधारण ६० सेंटिमीटरचं, म्हणजे चौकटीचा जवळपास तिसरा हिस्सा त्यानं व्यापला. हा फोटो झाला. तेच बदक १०० मीटरवर असेल तर चौकट पसरते ४.७ मीटर आणि बदकाच्या वाट्याला येतात आडवे सातशेच्या आसपास पिक्सेल. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तीनशे डीपीआयला (इंचाला तीनशे ठिपके) अडीच इंचाच्या आतली छपाई. मोबाईलवर लोक "वा वा" म्हणतील, पण भिंतीवर काही ते लागत नाही. भुवई बदक तर ४० सेंटिमीटरचं, त्याला आणखी जवळ यावं लागतं. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची, डी ७५० लावली की ४० मीटरवरचा पट्टा तीन मीटरला टेकतो, म्हणून या कामाला छोट्या सेन्सरची बॉडीच बरी. ६०० मिमीवाल्या लेन्स आहेत बाजारात, सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६००. त्यांच्याकडं शंभर मिमी जास्त आहेत, पण टोकाला एफ ६.३ होतं. पौषातल्या सकाळी सूर्य वर यायच्या आधीच्या उजेडात मला तो तिसरा हिस्सा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) हवा असतो. ज्याला नको त्यानं त्या घ्याव्यात, त्याही वाईट नाहीत.

पण शंभर मीटरवरच्या बदकाला ६०० सुद्धा पुरत नाही, आणि आठशेही नाही. कारण मध्ये हवा आहे. जायकवाडीच्या काठाला काळी जमीन आणि गाळ. ऊन पडलं की साडेनऊ-दहालाच त्याच्यावरून वाफ थरथरायला लागते. डोळ्याला ती दिसत नाही, लेन्सला दिसते. बदकाच्या डोळ्याची कड विरघळल्यासारखी येते आणि माणूस घरी येऊन लेन्सला शिव्या घालतो. ही लेन्स सॉफ्ट आहे असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो, फोटो किती वाजता काढला आणि किती लांबून. सकाळी साडेसात वाजता ३० मीटरवरून काढलेल्या थापट्याच्या (रुंद चोचीचं बदक) छातीवरची पिसं हिच्यातून एकेक मोजता येतात, तेही पूर्ण उघड्या छिद्रावर. मी एफ ७.१ पर्यंत बंद करून बघतो कधीकधी, फरक आहे, पण त्यासाठी शटर कमी करावं एवढा नाही.

तेव्हा बदक जवळ यायला हवं. आणि बदक जवळ येतं ते आपण खाली असलो तरच. उभा माणूस त्याला फर्लांगभरावरून कळतो. चक्रवाकाची जोडी तर पाण्याची पाटीलकीच करते. तुम्ही बांधावर डोकं काढलं की ती ओरडत उठते आणि तिच्यामागं सगळं पाणी रिकामं होतं. म्हणून आधी चक्रवाक कुठं आहेत ते बघायचं, मग आपली जागा ठरवायची.

खाली जाण्याचं दुसरं कारण फोटोचं आहे, आणि या लेन्सच्या किमतीचं सगळं गणित त्यात आहे. समजा बदक ३० मीटरवर आहे आणि त्याचं डोकं पाण्यापासून २० सेंटिमीटर वर. तुम्ही उभे आहात, कॅमेरा दीड मीटर उंचीवर. तुमची नजर त्याच्या डोक्यावरून पुढं जाऊन पाण्याला टेकते ती बदकाच्या मागं साडेचार मीटरवर. म्हणजे मागच्या लाटा जवळजवळ फोकसमध्येच, आणि बदक लाटांच्या जाळ्यात अडकलेलं. आता पोटावर झोपा, कॅमेरा २५ सेंटिमीटरवर आणा. तीच नजर आता बदकाच्या मागं १२० मीटर जाऊन पाण्याला टेकते. मागचं सगळं विरघळून एकसारखा रंग होतो, सकाळी फिका केशरी, आठनंतर निळा. जास्त उघड्या छिद्राच्या, कैक लाखांच्या ५०० एफ ४ नं उभ्यानं जे मिळत नाही ते एफ ५.६ नं झोपून मिळतं. लग्नात आम्ही पार्श्वभूमी उडवायला एफ १.४ च्या लेन्स घेतो, इथं पोट चिखलाला टेकवलं की काम होतं. जवळच्या बदकाला तर हे आणखी लागू. १५ मीटरवर उभ्यानं काढलेला फोटो म्हणजे बदकाच्या पाठीचा फोटो.

झोपायचं म्हणजे ट्रायपॉड बाद. तसाही तो गाळात रुततो, एक पाय आत गेला की सगळं वाकडं. माझी सोय अशी. अंबडच्या गादीवाल्याकडून जाड कॅनव्हासची पिशवी शिवून घेतली, दोन कप्प्यांची, मध्ये लेन्स बसेल अशी खाच. आत चार किलो सोयाबीन. वाळू भरली तर वजन वाढतं आणि तिचे कण झूमच्या नळीत जातात. ज्वारी चालते, पण सोयाबीनचा दाणा गोल आणि गुळगुळीत, लेन्स फिरवली की पिशवी तिच्याबरोबर वळते. शिवाय भावाची जी अवस्था आहे ती बघता सोयाबीनचा एवढा मानाचा उपयोग दुसरा कुणी करत नसेल. आत प्लास्टिकची पिशवी घाला, ओलं झालं की दाणा फुगतो. ही पिशवी ठेवायची घमेल्यात. बांधकामाचं साधं लोखंडी घमेलं, बूड गोल असल्यामुळं ते चिखलावर सरकतं. आपण कोपरांवर पुढं सरकायचं, घमेलं ढकलत न्यायचं. खाली पोत्यावर ताडपत्रीचा तुकडा. शोरूममध्ये या कामासाठी 'ग्राउंड पॉड' म्हणून मिळतो त्याच्या किमतीत घमेली डझनभर येतील.

या लेन्सचा मूळचा पाय मात्र या मांडणीला आडवा येतो. तो उंच आहे आणि खाली लावायच्या प्लेटची खाचही त्याला नाही, वेगळी प्लेट स्क्रूनं बसवावी लागते. पिशवीवर ठेवताना मी पाय फिरवून वरच्या बाजूला करतो, नळी थेट पिशवीवर टेकते, आणि पाय उचलायच्या कडीसारखा वापरतो. बाहेरच्या कंपन्यांचे बुटके पाय मिळतात, खांबावर किंवा गाडीच्या दारावर ठेवून काढणाऱ्यांनी तो खर्च करावा.

झूमची कडी. हिच्याबद्दल सगळीकडं लिहिलेलं आहे आणि ते खरं आहे: २०० वरून ५०० वर जायला मनगट एका फेऱ्यात पुरत नाही, हात सोडून परत धरावा लागतो. घारीसाठी हा अडथळा आहे. बदकासाठी मला तो कधी नडला नाही, कारण पाण्यावर बदक तरंगत येतं तेव्हा तुमच्याकडं भरपूर वेळ असतो. मी बहुतेक ५०० वरच असतो. थवा एकदम जवळ उतरला तरच ३०० वर. झूम करताना नळी बाहेर येते, हे मात्र धुळीच्या दिवसांत लक्षात ठेवायचं. गाळपेरीच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पेरलेल्या, शेतात ट्रॅक्टर चालू असेल तर झूम शक्य तेवढं कमी हलवा. पाऊस-धुळीपासून बंदिस्त असल्याचा दावा हिच्याबाबत नाही. मी वरून शॉवर कॅप चढवतो, हॉटेलात फुकट मिळते ती.

ऑटोफोकसबद्दल दोन गोष्टी. बदक पोहत असताना तो पुरून उरतो. अचानक उठलेल्या थव्यामागं मात्र तो दमानं जातो, एकदा सुटला की परत पकडायला वेळ घेतो. त्यासाठी लेन्सवरच्या बटणानं फोकसची मर्यादा सहा मीटरच्या पुढं लावून ठेवा, उगाच जवळचं शोधत बसत नाही. दुसरं, पाण्यावरची चमक. सूर्य खाली असताना लाटेचा चकाकता कंगोरा बदकाच्या डोळ्यापेक्षा जास्त ठळक असतो आणि फोकस तिकडं पळतो. मी पोहणाऱ्या पक्ष्याला एकच बिंदू वापरतो, डोळ्यावर. थवा असेल तर ग्रुप, म्हणजे बिंदूंचा गट. २० मीटरवर एफ ५.६ ला फोकसची जाडी फूट-सव्वा फुटाची असते, म्हणजे जोडीतली मादी नराच्या मागं अर्धा मीटर राहिली की ती मऊ होणार. अशा वेळी छिद्र बंद करत बसण्यापेक्षा दोघं एका रेषेत यायची वाट बघितलेली बरी. टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारं, लांबी वाढवणारं भिंग) लावू नका. १.४ चा लावला की एफ ८ होतं, डी ५०० चे १५३ पैकी १५ च बिंदू कामाचे राहतात, आणि सकाळचा उजेड तर आधीच तोकडा.

व्हीआरचं बटण पिशवीवर मी बंद ठेवतो, शटर हजाराच्या वर असतं तेव्हा त्याची गरज नाही. पोहणाऱ्याला सेकंदाचा हजारावा भाग, पंख झटकणाऱ्याला दोन हजारावा, उठणाऱ्याला अडीच हजारावा. आयएसओ (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) वर जातो तो जाऊ दे. लग्नाच्या मांडवात आम्ही ६४०० वर काढलेलं पाहुण्यांना आल्बममध्ये देतो, तेव्हा बदकाच्या वेळी एवढा सोवळेपणा कशाला? सांभाळायचं ते पांढरं. तलवार बदकाच्या नराची छाती आणि मानेवरची पट्टी उन्हात जळून जाते, थापट्याच्या छातीचंही तेच. मी पाऊण स्टॉप कमी ठेवतो किंवा पांढऱ्याला जपणारं मीटरिंग (उजेड मोजायची पद्धत) लावतो. वारकरी पक्ष्याला उलटं, काळ्या अंगात तपशील हवा तर अर्धा स्टॉप वाढवा, मात्र कपाळावरचा पांढरा टिळा बघून. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावायचा मोह होईल, लावू नका. ९५ मिमीचा चांगला पोलरायझर महाग, उजेड खातो, आणि पाण्यातलं प्रतिबिंब पुसतो. ते प्रतिबिंबच तर हवंय आपल्याला.

कधी जायचं, हेही लेन्सइतकंच महत्त्वाचं, कारण ऑक्टोबरात लेन्स घेऊन गेलेला माणूस नाराज होऊन येतो. तेव्हा नर आणि मादी सारखेच मळके दिसतात. विणीनंतर नराची पिसं झडतात आणि तो काही महिने मादीच्या वेषात असतो. रंग भरत भरत डिसेंबर उजाडतो. भुवई बदकं सगळ्यात आधी येणाऱ्यांत, पण त्यांच्या नराची ती पांढरी भुवई नीट उमटते फेब्रुवारीच्या सुमाराला. मोठ्या लालसरीचं केशरी डोकं बघायचं तर जानेवारी. पट्टकदंब हंस हिमालयापलीकडून येतात, गाळपेरीतल्या हरभऱ्यात-गव्हात चरतात आणि दुपारी पाण्यावर विसावतात. त्यांच्यासाठी पाण्यापेक्षा शेताचा बांध बरा, आणि शेतकऱ्याची परवानगी आधी.

पाण्याची पातळीही बघा. जायकवाडीचं पात्र पसरट आणि उथळ, म्हणूनच इथं बदकं एवढी. धरण काठोकाठ असलेल्या वर्षी पाणी थेट पिकांना भिडतं, उथळ भाग राहत नाही, पक्षी पांगतात आणि झोपायला चिखलही मिळत नाही. कालव्याची आवर्तनं सुटून पाणी मागं सरकलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात. मग नाथषष्ठीपर्यंत मजा असते. नाथषष्ठीला पैठणात दिंड्या येतात तेव्हा बदकं निघायच्या तयारीत असतात.

जागेचं एक सूत्र. बदक नेहमी वाऱ्याकडं तोंड करून उठतं आणि उतरतं. हिवाळ्यात आपल्याकडं सकाळचा वारा बहुतेक वेळा पूर्वेकडून, ईशान्येकडून. सूर्यही तिकडूनच. म्हणजे जलाशयाचे जे फाटे जमिनीत आत शिरलेले आहेत त्यांच्या पूर्वेच्या काठावर बसलात तर वारा आणि ऊन दोन्ही पाठीशी, आणि उतरणारं बदक तोंडावर. थापट्याच्या नराच्या डोक्यावरचा हिरवा रंग समोरून ऊन असल्याशिवाय पेटत नाही, बाजूनं तो काळा दिसतो. थापट्या आणि तलवार बदक पाण्यातून जागच्या जागी सरळ वर उठतात, त्यांच्यासाठी चौकटीत वर जागा सोडा. लालसऱ्या बुडी मारणाऱ्या, त्या पाण्यावरून धावत धावत उठतात, त्यांना पुढं जागा हवी. आणि पंख झटकतानाचा फोटो नशिबाचा नसतो. बदक अंघोळ करायला लागलं, डोकं पाण्यात घालून पाठीवर पाणी उडवायला लागलं, की बोट शटरवर ठेवा. अंघोळ संपली की ते हमखास उभं राहून पंख झटकतं. थापट्यांचा घोळका गोल गोल फिरत पाणी गाळत असतो तेव्हा सगळी डोकी पाण्यात असतात. तिथं एखाद्याची मान वर येईपर्यंत नुसतं बघायचं. सेकंदाला दहा फ्रेमचा धडाका १५ मीटरवरच्या बदकाला ऐकू जातो, म्हणून मी जवळच्याला कॅमेऱ्याच्या दबक्या आवाजाच्या मोडवर ठेवतो. वेग तीनवर येतो, तेवढा पुरतो.

एकदा घमेल्यामागं आडवा पडलेलो असताना एक वयस्कर शेतकरी बांधावर उभं राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "काय सापडायलंय का?" मी म्हटलं, "मामा, बदकाचे फोटो काढायलोय." "मग निजून कामून?" मी त्यांना कॅमेऱ्यातून बघायला दिलं. तेही शेजारी आडवे झाले. बघून म्हणाले, "हे तर आपल्याकडं बघायलंय." विक्रेत्यानं या लेन्सबद्दल इतकं चांगलं अजून सांगितलेलं नाही.

आता जरा कडू. धरण १९७६ मध्ये पुरं झालं, आणि १९८६ पासून इथं जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, ३४१ चौरस किलोमीटरचं. म्हणजे इथं वन्यजीव कायदा लागतो. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. होडी करून थव्याच्या मागं जाणारे दिसतात, "उडवून दाखवतो" म्हणणारेही भेटतात. असा फोटो मला नको. भोई मंडळी तराफ्यावरून आपल्या जाळ्याकडं सरळ रेषेत जातात तेव्हा बदकं थोडी बाजूला होतात आणि परत बसतात. वळून वळून त्यांच्यावर येणाऱ्या होडीला मात्र ती ओळखतात. फेब्रुवारीत तर त्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते, प्रत्येक उठवणूक त्यातूनच जाते. शिवाय उडालेल्या बदकांचा पाठमोरा फोटो विकत घेणारा मला अजून भेटलेला नाही.

ज्यांना एकदम जायकवाडी गाठायची नाही त्यांनी गावाजवळच्या तलावावर हात बसवावा. जालन्याजवळ घाणेवाडी आहे, हिंगोलीकडच्यांना सिद्धेश्वर आणि येलदरी, नांदेडकरांना विष्णुपुरी. तिथल्या वारकरी पक्ष्यांवर आणि टिबुकल्यांवर (छोटे बुडी मारणारे पाणपक्षी) आधी सराव करा. टिबुकलीच्या डोळ्यावर फोकस टिकवता आला की कुठलंही बदक सोपं.

नवी घ्यायची की ही? निकॉनची मिररलेस बॉडी असेल किंवा वर्षभरात घेणार असाल, तर २०२३ मध्ये आलेली १८०-६०० बघा. तिची नळी आतच सरकते, झूमची कडी थोडक्यात फिरते, वजनही जरासं कमी. टोकाला एफ ६.३ होतं, पण नव्या बॉडीचा पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस ती उणीव भरून काढतो. माझ्याकडं डीएसएलआरच आहेत आणि त्यांचे हप्ते फिटलेले आहेत, त्यामुळं माझा प्रश्न मिटलेला आहे.

लग्नात मी ही लेन्स एकदाच नेली. वरातीत गच्चीवरून घोड्यावरच्या नवरदेवाचा चेहरा अप्रतिम आला, पण मांडवात तिला वळायलाही जागा नव्हती. त्यामुळं दोन-तीन जणांनी भाड्यानं मागितली त्यांना इथंच उत्तर देतो: लग्नासाठी हवी असेल तर ७०-२०० न्या, भाडं नेहमीचंच. २००-५०० पौषात मिळणार नाही. बाकीचे अकरा महिने विचारून बघा, सोयाबीनच्या पिशवीसकट देईन. घमेलं ज्याचं त्यानं आणावं.